पाणी थांबल्यावर

१६ नोव्हेंबर

पोचलो एकदाचा, आणि जागा पाहून मन खूश झालं. आरमोरीहून आलेली बस फाट्यावर सोडून गेली. तिथून गुणवंतरावांच्या गाडीवर मागे बसून जंगलातून अर्धा तास. छोटा गॅस मांडीवर धरला होता. वाटेत दोनदा वास आल्यासारखा वाटला, दोनदा गाडी थांबवायला लावली. गुणवंतराव या तलावाचे साहेब, वयाने माझ्या धनराजएवढे, पण दोन्ही वेळा न रागावता थांबले.

केवढं पाणी! समोरच्या काठाला काळा डोंगर थेट पाण्यात उतरलेला. अलीकडे मातीची लांब पाळ आणि पाळीच्या टोकाला माझी खोली. खोलीमागून एक बकऱ्यांची वाट टेकडीवर चढते. दारात येनाचं मोठं झाड आहे. त्याच्या बेचक्यात, माझ्या छपरापेक्षाही वर, एक रबरी चप्पल अडकली आहे. एकच. माकडांचं काम असणार. मला हसू आलं. कमळा असती तर तिने बसू दिलं नसतं, आधी ती पाडायला लावली असती.

काम सोपं आहे. खोलीपासून पाण्यापर्यंत एकवीस पायऱ्या. तळाशी पाण्यात लोखंडी पट्टी उभी आहे, पांढरी, निळ्या आकड्यांची. सकाळी आठला आणि दुपारी चारला उतरायचं, पाणी कुठल्या आकड्याला लागलं ते बघायचं आणि वर येऊन रजिस्टरात लिहायचं. रकाना लहान, एकच आकडा मावतो. गुणवंतरावांनी नीट समजावलं की वाऱ्याने पाणी डुलत असलं तर घाई करायची नाही, पाणी थांबल्यावर आकडा लिहायचा. मी शिकलो सातवीपर्यंतच, पण चाळीस वर्षं राइस मिलच्या काट्यावर उभा होतो. काटा थांबल्याशिवाय वजन बोलायचं नाही, हे मला कुणी शिकवायला नको.

दुसरं काम भोंग्याचं. हाताने फिरवायचा लोखंडी भोंगा खोलीच्या दाराशीच बसवला आहे. कालव्याचं दार उघडण्याआधी तो तीनदा वाजवायचा. दार उघडलं की पाणी तिकडे ओढ घेतं, म्हणून भोंगा ऐकला की पाण्यातले सगळे डोंगे, म्हणजे होड्या, काठाला लागतात. इथल्या लेकरालाही हे ठाऊक आहे म्हणे.

आधीचा चौकीदार लटारू काम सोडून गेला. त्याची घोंगडी अजून खुंटीला आहे. कुणाच्या हाती पाठवून द्यायला हवी.

वाघाचं तेवढं जपा, असं जाताना गुणवंतराव बोलले. तेव्हापासून कडी तीनदा तपासली.

फोनला रेंज नाही. बोलायला कुणी नाही, म्हणून ही वही. हैदराबादला जाताना धनराज म्हणाला होता, बाबा, एकटे बसून भिंतीशी बोलत जाऊ नका. वहीशी बोललेलं चालत असेल.

२० नोव्हेंबर

शेजार मिळाला! डाव्या हाताला पाळ संपते तिथे तलाव उथळ आहे. तिथे कोसमटोल्याच्या ढिवर बाया शिंगाडे काढायला आल्या आहेत. काठावरच पाल ठोकलं आहे. सहा डोंगे, सहा बाया. सकाळी पाण्यात, दुपारी काठावर मोठ्या गंजांत शिंगाडे उकडतात. त्यांची म्होरकी बायनाबाई. तिच्यासोबत सून ललिता आणि ललिताची आठ महिन्यांची दिव्यानी. दोघी डोंग्यात असल्या की ती लेक ललिताच्या पाठीशी बांधलेली असते.

बायनाबाई पळसाच्या द्रोणात गरम शिंगाडे घेऊन आली. नाव विचारलं, गाव विचारलं, मग विचारलं की या वयात जंगलात काय करता. मी सगळं सांगितलं. बायको कमळाला जाऊन दोन वर्षं झाली, मिल बंद पडली, पोरगा तिकडे, घरात भांडं पडलं तरी माझंच. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, मंग इथी काऊन आले जी बापूजी, वाघासंग गोष्टी कराले? ललिता पदर तोंडाला लावून हसली. मीही हसलो. माझ्यावर कुणी हसलं त्याला किती दिवस झाले असतील?

पाळीवरून गेलं तर पाल पाच मिनिटांवर. माझ्या गुडघ्यांनी दहा.

२४ नोव्हेंबर

आज सकाळी आठला पाच कमी असताना मांडणीवरची भांडी वाजली. आधी वाटलं गॅस. नंतर वाटलं छपरावर माकडं. पण पायाखालची फरशीही थरथरत होती. दहा मोजेपर्यंत थांबलं.

आठला खाली उतरलो. वारा नव्हता, झाडाचं पान हलत नव्हतं. माझ्या डोळ्यांदेखत पाणी पट्टीवरून खाली सरकलं. कुणी तळातून घोट घ्यावा तसं. दोन पायऱ्या उघड्या पडल्या, हिरव्या, शेवाळलेल्या. मग तेच पाणी आवाज न करता चढत आलं आणि चार पायऱ्या बुडवून माझ्या घोट्यांना लागलं. परत गेलं. परत आलं. दर वेळी थोडं कमी. बिडी ओढून होईल एवढा वेळ हे चाललं होतं.

मग थांबलं. तीन मीटर बेचाळीस. काल होतं तेवढंच.

तीन बेचाळीस लिहिलं. दुसरं काय लिहिणार? रकान्यात एकच आकडा मावतो. शिवाय माझ्या डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. आठ दिवसांत बुड्ढ्याला कमी दिसतं अशी बोंब नको.

२८ नोव्हेंबर

टेकडीपलीकडच्या गोंड टोल्यावरचा चैतू बकऱ्या घेऊन आला. माझ्याच वयाचा आहे. कमी बोलतो. मी भीत भीत त्याला त्या सकाळचं सांगितलं. तो मला वेडा म्हणेल असं वाटलं होतं. तो म्हणाला, हाव.

मग बसून सांगितलं. काळ्या डोंगरातून रस्ता काढला तेव्हा दोन वर्षं खोदलेली माती ट्रकांनी आणून डोंगराच्या पायथ्याशी पाण्यातच लोटली. कोण्या ठेकेदाराची माणसं होती, काम झालं, निघून गेली. वरून काही दिसत नाही. आत मात्र डोंगराला टेकून दुसरा डोंगर उभा आहे, निव्वळ गाळाचा. आणि आता तेलंगणाच्या बाजूने जमिनीचे धक्के येतात. त्याच्या टोल्यावरची माणसं त्या काठाला बकऱ्या पाजायला नेत नाहीत.

मला काही नीट उमगलं नाही. त्याने माझी परात मागितली. एका कडेला ओल्या मातीचा उभा ढीग लावला आणि तो बुडेल इतकं पाणी अलगद ओतलं. बोटाने परातीच्या काठावर टिचकी मारली. काही नाही. दुसरी मारली, थोडी माती घसरली, पाणी डुललं. तिसरी जरा जोरात मारली. पाण्याखालचा सगळा ढीग एकदम बसला आणि समोरच्या काठावरून पाणी उडून माझ्या पायांवर आलं.

माझे पाय समोरच्या काठाला होते. माझी खोलीही समोरच्याच काठाला आहे.

जाताना चैतूने येनाच्या झाडाकडे वर पाहिलं. लटारूची चप्पल अजून इथीच हाय, म्हणाला. मी म्हटलं माकडांनी नेली असेल. तो वळला. बकऱ्या हाकलत वाटेने वर गेला.

२ डिसेंबर

पुन्हा धक्का. सकाळी सातच्या सुमारास. या वेळी सात पायऱ्या ओल्या. सातव्या पायरीवर एक मरळ तडफडत होती. मी ती पाण्यात ढकलली, हात लावायची हिंमत झाली नाही म्हणून काठीने.

वर आलो तर भिंतीवरचं कॅलेंडर खाली पडलेलं. त्याच्या मागे भिंतीवर कोळशाने लिहिलेलं होतं. अक्षर माझ्यापेक्षा वाईट. धक्का, ३ पायऱ्या. धक्का, ५ पायऱ्या. धक्का, ९ पायऱ्या. प्रत्येकापुढे तारीख, सगळ्या गेल्या जानेवारीतल्या. सगळ्यात खाली नुसती तारीख. पुढे काही नाही.

जुनं रजिस्टर काढून त्या तारखा पाहिल्या. लटारूनेही रकान्यात शहाण्यासारखा एकेकच आकडा लिहिला होता. थांबलेल्या पाण्याचा. शेवटच्या तारखेला सकाळचा रकाना रिकामा. त्यानंतर चार दिवस रिकामे. मग दुसऱ्याचं अक्षर, अधूनमधून येणाऱ्या कुणाचं.

त्याला भिंतीवर का लिहावं लागलं, ते मला कळतं. त्यालाही बोलायला कुणी नसणार.

दारात उभा राहून चप्पल पाहत होतो. माकड चप्पल इतकी घट्ट कशी रोवेल? तिच्या पट्ट्यात पाणवेलीचा वाळलेला तंतू आहे.

५ डिसेंबर

गुणवंतराव आले. मी सगळं भडाभडा सांगितलं. धक्के, पायऱ्या, परात, भिंत. त्यांनी रजिस्टर मागितलं. पान उलटलं, दुसरं उलटलं. तीन बेचाळीस, तीन बेचाळीस, तीन एक्केचाळीस. बापूजी, यात तर काहीच नाही, म्हणाले. वर कळवायचं तर आकडे लागतात.

मी म्हटलं, साहेब, तुम्हीच सांगितलं होतं, पाणी थांबल्यावर लिहा.

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी डोळा कसा आहे म्हणून विचारलं. पत्र पाठवतो म्हणाले, पण मनातून नाही. लटारूचं विचारलं तेव्हा मात्र बराच वेळ गाडीची किल्ली फिरवत राहिले. मग म्हणाले, तीन दिवस गळ टाकून शोधला होता. काही लागलं नाही. पाय घसरला असावा असं सगळ्यांनी धरलं. मी घाबरेन म्हणून काम सोडून गेला असं सांगितलं.

घोंगडी घडी करून वर ठेवली. खुंटीला पाहवत नाही.

माझं काय, मी उद्या पिशवी उचलून निघेन. पण पाल? ते तर पाण्यापासून चार हातांवर आहे. आणि तिथे ती आठ महिन्यांची पोर आहे.

७ डिसेंबर

परात डोक्यावर घेऊन पालापाशी गेलो. बाया उकडायला बसल्या होत्या. चैतूने दाखवलं तसं सगळं मांडलं. बायनाबाई म्हणाली, बापूजीनं नवी पाककिरिया काढली जी, चिखलाची आमटी. सगळ्या हसल्या. दिव्यानीनेही टाळ्या वाजवल्या. पहिली टिचकी, दुसरी टिचकी. तिसरीला पाणी उडालं आणि बायनाबाईच्या चुलीत पडलं. चूल विझली. मग कुणी हसलं नाही.

मी हात जोडले. पाल पाळीवर न्या म्हटलं, नाहीतर टेकडीवर. बायनाबाई म्हणाली, उकडाले पाणी लागते, धुवाले लागते, इतके गंज वर कोण वाहीन? आता चार दिवस राह्यले. बाराला गाडी आली का माल भरून आमी घरी. आन् इतक्या साल येऊन राह्यलो, तलावानं कधी खाल्लं नाई आमाले.

मी उठलो नाही. बसून राहिलो. मग तिचा आवाज मऊ झाला. तुमी तं दिवसभर वरून पाहूनच राह्यले. काई दिसलं का भोंगा वाजवा. आमी लगेच येतो. शब्द देतो.

मी तिच्याकडून तो शब्द दोनदा वदवून घेतला. ललिताने माझी परात घासून दिली आणि काका, काळजी नोका करू, म्हणाली.

आज जेवण गोड लागलं. बरेच दिवसांनी.

९ डिसेंबर

धक्का. नऊ पायऱ्या.

या वेळी पाणी थांबायची वाट पाहिली नाही. डुलताना जेवढे वाचता आले तेवढे आकडे रजिस्टरच्या कडेला लाल पेनाने लिहिले. ३.४०. २.९५. ४.१०. २.८०. रकान्याबाहेर जाऊन लिहिलं. गुणवंतराव ओरडले तर ओरडू देत.

लटारूलाही नऊच होत्या. त्यानंतर —

भोंग्याच्या दांड्याला तेल लावलं. दोनदा.

१० डिसेंबर

धक्का नाही. पाणी तेलासारखं.

सकाळपासून काहीतरी विसरल्यासारखं वाटतं. गॅसची कळ बंद आहे. कडी लागते. भोंगा फिरतो. बायनाबाईने शब्द दिला आहे. मग काय विसरतो आहे? चारदा खोलीत जाऊन आलो. भोंग्यापाशी उभा राहिलो की आठवेलसं वाटतं, आणि जातं.

परवा गाडी येते. दोनच सकाळी.

बायनाबाईने पाण्यातून हाक मारली. बुढा, आज नाई का चिखलाची आमटी? मी हात हलवला. त्या गेल्यावर इथे कसं होईल, असंही मनात आलं. लाज वाटली.

११ डिसेंबर

आठ वाजून पाच. मोठा धक्का. भिंतीला तडा गेला, लटारूच्या अक्षरांतून. डोंगरावरची पाखरं सगळी एकदम उठली.

डोंगराच्या पायथ्याशी पाणी काळं झालं. मोठमोठे बुडबुडे. आवाज नाही.

भोंगा फिरवला. तीनदा. परत तीनदा. परत.

ऐकलं त्यांनी. सहाही डोंगे वळले. बायनाबाईचा पुढे. शब्दाची पक्की बाई —

काठाला.

काठाला लागल्या. डोंगे ओढून पालापाशी उभ्या राहिल्या. कालव्याच्या दाराकडे बघतात. भोंगा वाजला की काठाला. हेच विसरलो होतो. लगेच येतो म्हणजे काठाला येतो. पाण्यात दूर होत्या. मी बोलावून आणल्या. मी.

वर या म्हणून ओरडलो. हात हलवले. त्यांनीही हलवले.

पाळीवरून पळालो. अर्ध्यात उजवा गुडघा वळला. पडलो. उठता येत नाही. वही खिशात होती. इथून पट्टी दिसते, पालही दिसतं. ओरडून ओरडून घसा बसला. आता हातात एवढंच आहे. या वेळी सगळं लिहिणार. न थांबलेलं.

८.१४ — पाच पायऱ्या वर.

८.१५ — पाणी खाली जातंय. दोन मीटर.

८.१६ — एक.

८.१७ — पट्टी कोरडी. तिचं बूड दिसतं. तिच्याखाली कुणाची तरी दुसरी चप्पल.

उथळातलं पाणी गेलं. वेल चिखलात लोळतात. मासे उडतात. बाया चिखलात उतरल्या, ओटीत मासे भरतात. नका. बायनाबाईने एक मोठा मासा दोन्ही हातांनी वर धरला. मला दाखवायला. हसते आहे —

ललिता थांबली. इकडे बघते. मी पडलेला दिसलो तिला. लेक पाठीशी बांधलेली. पाळ चढली. पळत येते. मला उचलायला.

ये पोरी. चढ. माझ्याकडे नको. चैतूच्या वाटेने. खोलीमागून. वर, झाडाच्याही वर. माझ्यापाशी थांबू नको —

डोंगराखालचं पाणी उभं राहिलं.

८.२१. पट्टी दिसत नाही. पायऱ्या दिसत नाहीत. बायनाबाईने मासा टाकला. मागे वळून —

ललिता, मला सोड. हात सोड. तू वर —

पाणी थांबलेलं नाही. आकडा